लाइट गेली की रेंज का जाते? टॉवर, फायबर आणि बॅकअप

खाडीकाठी

दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या लोकांना हे नवं नाही. जून लागतो, पहिला जोराचा वारा येतो आणि लाइट जाते. त्याबद्दल आता कुणी कुरकुरतही नाही. ११ केव्हीची लाइन डोंगरातून, झाडीतून येते, फांदी पडणारच. लाइनमन भर पावसात खांबावर चढतो, त्याला बोलायला तोंड नाही आपल्याला.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. लाइट गेली की दोन-अडीच तासांत मोबाइलची रेंजही जाते. गावात चार कंपन्यांची सिमं आहेत, टॉवर दोन, आणि दोन्ही टॉवर एकाच फीडरवर, म्हणजे एकाच वीजवाहिनीवर. म्हणजे दोन सिमं बाळगायची हुशारी फुकट. मग १०८ ला फोन लावायचा तर मोटारसायकल काढून घाटाच्या वळणावर जायचं. रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र बंद, किराणावाल्याचा क्यूआर कोड भिंतीवर शोभेला. मुंबईतली मुलं इकडे फोन लागत नाही म्हणून कासावीस होतात ते वेगळंच.

निसर्ग वादळाचं मी बोलत नाहीये. ३ जून २०२० ला जे झालं ते झालं, हजारो खांब आडवे झाले, कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले. तेव्हा टॉवर टिकावेत अशी अपेक्षाच नव्हती. मी बोलतोय ते साध्या, दरवर्षीच्या, सहा-आठ तासांच्या खंडिताबद्दल. टॉवरखाली बॅटऱ्या असतात, जनरेटरही दिसतो. मग अडतं कुठे? किती तास टॉवर चालला पाहिजे असा काही नियम आहे का? आणि गावाने काय मागायचं, कुणाकडे?

जाणकारांनी लिहावं. "तुमचं सरकार, आमचं सरकार" यासाठी दुसरे धागे आहेत.

---

पेठेतला

रेंज नसेल तर माणसं एकमेकांशी बोलतात असं ऐकून आहे. चांगलं आहे की :)

---

खाडीकाठी

@पेठेतला, या एकदा जुलैत. मध्यरात्री घरात कुणाच्या छातीत दुखायला लागलं की मग बोलू एकमेकांशी.

---

साइटवाला

याच धंद्यात आहे, त्यामुळे कंपनी आणि जिल्हा दोन्ही सांगत नाही. बाकी सगळं सांगतो.

टॉवर वीज थेट वापरत नाही. महावितरणकडून येणारा एसी करंट रेक्टिफायरमध्ये जातो, तिथून ४८ व्होल्ट डीसी निघतो, त्यावर रेडिओ चालतात आणि त्याच तारेवर बॅटरी बँक जोडलेली असते. लाइट गेली की बॅटरी आपोआप लोड घेते, क्षणाचाही खंड पडत नाही. बॅटरी एका पातळीच्या खाली गेली की कंट्रोलर डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, चालू करतो. डीजी चालू झाला नाही तर बॅटरी खोल उतरून खराब होऊ नये म्हणून एक कॉन्टॅक्टर लोड तोडतो. तुमची रेंज जाते ती त्या क्षणी.

आता हिशोब. दोन-तीन ऑपरेटर असलेल्या साइटवर लोड अडीच-तीन किलोवॅट धरा. ४८ व्होल्ट ६०० अँपिअर-तासाची बँक म्हणजे कागदावर २८.८ युनिट. ८० टक्के वापरली तर २३ युनिट, म्हणजे नव्या बँकेवर साडेसात तास. मग तुम्हाला दोनच तास का मिळतात?

पहिलं कारण वय आणि उष्णता. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजतात आणि साधारण दर १० अंशांना ते निम्मं होतं. पत्र्याच्या कपाटात मे महिन्यात काय तापमान असतं ते हात लावून बघा. चार वर्षांनी त्या बँकेत निम्माही जीव उरत नाही. दुसरं कारण चार्जिंग. पूर्ण उतरलेली लेड-अॅसिड बँक भरायला आठ-दहा तास सलग लाइट लागते. कोकणात पावसाळ्यात लाइट तासभर येते, पुन्हा जाते. बँक कधी भरतच नाही, अर्ध्यावरच झुलत राहते आणि त्याने अजून लवकर मरते. तिसरं कारण म्हणजे मधल्या काळात लोड वाढला. टूजीच्या जमान्यात बसवलेल्या बँकेवर आज फोरजीचे चार बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, आणि वर फाइव्हजी. मोठ्या अँटेनाचा एक फाइव्हजी सेक्टर, म्हणजे टॉवरची एक दिशा, भर गर्दीत एकटाच किलोवॅटच्या आसपास खातो.

आणि डीजी. त्याबद्दल लिहायला लागलो तर रात्र जाईल. स्टार्टरची बॅटरी उतरलेली, डिझेल चोरलेलं, कधी फिल्टर तुंबलेला. कंट्रोल रूमला अलार्म सगळे दिसतात. "मेन्स फेल", मग "बॅटरी लो", मग "डीजी फेल टू स्टार्ट", मग "साइट डाउन". दिसतं सगळं, पण तिथे पोहोचणारा टेक्निशियन एक आणि त्याच्याकडे साइट तीस-चाळीस. वादळात त्याच्या तीसही साइट एकदम अलार्म देतात. रस्त्यावर झाड आडवं असेल तर तो डिझेलचा कॅन डोक्यावर घेऊन चढतो, खोटं सांगत नाही. पण एका वेळी एकाच डोंगरावर.

---

पेठेतला

वरच्या माझ्या प्रतिसादाबद्दल जाऊ द्या. पण @साइटवाला, डिझेलचे पैसे कोण देतं? तिथेच पाणी मुरत असणार.

---

साइटवाला

बरोबर जागी बोट ठेवलंत. बऱ्याच ठिकाणी टॉवर एका कंपनीचा आणि रेडिओ दुसऱ्यांचे. विजेचा-डिझेलचा खर्च ऑपरेटरकडे जातो, कुठे प्रत्यक्ष बिलाप्रमाणे, कुठे महिन्याला ठरलेली रक्कम. ठरलेली रक्कम असली की डिझेल कमी जाळण्यात टॉवर कंपनीचा फायदा. प्रत्यक्ष बिल असलं की ऑपरेटर प्रत्येक लिटरवर शंका घेतो. शहरातल्या साइटला दंडाची कलमं कडक असतात, तिथे पैसा मिळतो. चारशे ग्राहकांच्या गावातली साइट यादीत खाली.

---

स्लिपरिंग

मी टेलिफोन खात्यात एक्स्चेंजला होतो, आता निवृत्त. साइटवाल्यांनी ४८ व्होल्टचा उल्लेख केला म्हणून राहवलं नाही.

ते ४८ व्होल्ट मोबाइलवाल्यांनी शोधलेले नाहीत, आमच्याकडून गेलेत. आणि ते उणे ४८ आहेत. बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडायचं, म्हणजे ओल्या जमिनीतली तांब्याची केबल विद्युत-रासायनिक क्रियेने झिजत नाही. कोकणातल्या मातीत हे फार कामाचं.

आमच्याकडे बॅटरी रूम म्हणजे देवघर होतं. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल, प्रत्येक कमरेएवढा, उघड्या आम्लाचे. रोज पायलट सेलची, म्हणजे नमुन्याच्या सेलची, आम्लाची घनता हायड्रोमीटरने मोजायची, १२१० च्या आसपास दिसली पाहिजे, नाहीतर वरिष्ठ विचारणार. डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावायची, रजिस्टरमध्ये सही करायची. आठवड्याला इंजिन अल्टरनेटर, म्हणजे जनरेटर, लोडवर चालवून बघायचा. नुसता सुरू करून बंद नाही, लोडवर. ग्राहकाच्या घरचा फोन त्याच बॅटरीवर चालायचा, त्याच्या घरी लाइट असो नसो. गावभर अंधार आणि फोनला डायल टोन, यात तेव्हा कुणाला विशेष वाटायचं नाही.

सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला पहिलं ग्रामीण एक्स्चेंज बसवलं त्याची खरी करामत हीच होती. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची, हे १२८ लाइनचं यंत्र साध्या खोलीत चालायचं. एसी नाही म्हणजे विजेची भूक कमी, भूक कमी म्हणजे तीच बॅटरी जास्त वेळ. बॅकअप वाढवायचा सोपा उपाय बॅटरी मोठी करणं नसतो, लोड कमी करणं असतो. हे आजच्या पोरांना कोणी शिकवत नाही.

---

कैरीचं_पन्हं

मग काका, लँडलाइन परत घ्यावी का? सासूबाई तेच म्हणतायत.

---

स्लिपरिंग

घेता येणार नाही, ताई. म्हणजे मिळेल, पण ती फायबरवर मिळेल. तांबं बहुतेक ठिकाणी गेलं. काचेच्या तारेतून वीज येत नाही, त्यामुळे घरातल्या डब्याला तुमचीच लाइट लागणार. सासूबाईंना सांगा, त्यांचं म्हणणं बरोबर आहे पण तो जमाना गेला.

---

आडवी_पिन

इतकी चर्चा कशाला? आता उपग्रहावरून इंटरनेट येतंय. डिश लावा, टॉवर गेला उडत.

---

साइटवाला

डिशला ५०-७५ वॉट लागतात, सतत. घरच्या फायबर राउटरच्या चार-पाच पट. लाइट गेल्यावर ती कशावर चालवणार? तहसील कचेरीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात एकेक ठेवा, सोबत बॅटरी ठेवा, ते उत्तम. घरोघरी हा उपाय नाही.

---

आडवी_पिन

ठीक. पण निदान टॉवरवर तरी अवलंबून नाही ना. सोलर लावलं की झालं.

---

खाडीकाठी

सोलर माझ्या छपरावर आहे. एरवी किलोवॅटला चार-साडेचार युनिट येतात. जुलैत सलग पाऊस लागला की दिवसाला दीड-दोन मिळाले तरी नशीब. आणि लाइट जाते ती जुलैतच. मराठवाड्यात, विदर्भात सोलर टॉवर झकास चालेल. आमच्याकडे तो डिझेल वाचवेल, पण भर पावसात एकट्याच्या जिवावर साइट उभी ठेवणार नाही.

---

नियमवाचक

धागाकर्त्याचा नियमाचा प्रश्न राहूनच गेला. थोडं कोरडं आहे, सहन करा.

"वीज गेल्यावर टॉवर अमुक तास चाललाच पाहिजे" असा दंडक मला आपल्या नियमांत सापडला नाही. जे आहे ते आडवाटेने. दूरसंचार विभागाने जानेवारी २०१२ मध्ये सांगितलं होतं की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले किमान ५० टक्के आणि शहरी २० टक्के टॉवर हायब्रिड विजेवर न्या, म्हणजे ग्रिडच्या जोडीला सौर वगैरे. पण त्यामागचा हेतू डिझेलचा धूर कमी करणं हा होता. रात्री दोनला तुमच्या गावात रेंज असावी, हा नव्हे.

दुसरं म्हणजे ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, सेवा-दर्जाचे निकष. टॉवर बंद राहण्याचा एकत्रित काळ महिन्याला २ टक्क्यांच्या आत हवा. ऐकायला कडक वाटतं. महिन्याचे ७२० तास धरले तर २ टक्के म्हणजे साडेचौदा तास, आणि हा आकडा वर्षानुवर्षं अख्ख्या सर्कलचा, म्हणजे सेवाक्षेत्राचा, मिळून पाहिला गेला. आपल्या सर्कलमध्ये मुंबई सोडून पूर्ण महाराष्ट्र आणि गोवा. पुणे, नाशिक, नागपूरचे टॉवर झोपत नाहीत, त्यांच्या जिवावर मंडणगडचे चार दिवस सरासरीत विरघळून जातात.

२०२४ च्या नव्या नियमावलीत एक चांगली गोष्ट आली. जिल्ह्यात २४ तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदत वाढवून द्यायची. पण दोन फटी आहेत. मोजमाप जिल्ह्याचं आहे, गावाचं नाही. आणि नैसर्गिक आपत्तीमुळे बंद पडलं असेल तर सूट लागू नाही. म्हणजे ज्या दिवशी फोनची सर्वात जास्त गरज, नेमका तोच दिवस हिशोबाबाहेर.

---

बे_एरियाकर

कॅलिफोर्नियात बरीच वर्षं राहतेय. तुम्हाला वाटेल अमेरिकेत हे प्रश्न नसतील. ऑक्टोबर २०१९ मध्ये वणव्याच्या भीतीने इथल्या वीज कंपनीने लाखो घरांची वीज मुद्दाम बंद केली. आमच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे, सॅन फ्रान्सिस्कोचा पूल ओलांडला की लगेच, गर्भश्रीमंत भाग. तिथले ५७ टक्के मोबाइल टॉवर बंद पडले. वणवा आला तर घर सोडा असा संदेश मोबाइलवर येणार, आणि मोबाइल बंद.

त्याआधीची गोष्ट अजून मजेशीर आहे. २००५ च्या कतरिना वादळानंतर इथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने नियम केला की मोबाइल टॉवरला ८ तास आणि मोठ्या एक्स्चेंजला २४ तासांचा बॅकअप हवा. कंपन्या कोर्टात गेल्या. छतावर एवढ्या वजनाच्या बॅटऱ्या ठेवता येत नाहीत, जागामालक परवानगी देत नाहीत, खर्च फार. शेवटी २००८ मध्ये व्हाइट हाउसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने नियमातल्या माहिती गोळा करण्याच्या भागाला मंजुरी दिली नाही आणि तो नियम अमलात न येताच संपला.

मग २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने स्वतः केलं. जिथे वणव्याचा धोका जास्त आहे अशा नकाशावर आखलेल्या भागांत ७२ तासांचा बॅकअप. सगळीकडे नाही, तेवढ्याच भागांत. मला वाटतं नियम टिकला तो त्यामुळेच.

---

नियमवाचक

@बे_एरियाकर, हे कामाचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांनंतर त्यांच्या नियामकाने जो तपास केला त्यातही तेच निघालं होतं. फोन-इंटरनेट बंद पडण्याच्या घटनांपैकी ८८ टक्के घटना वीज गेल्यामुळे झाल्या. आगीत यंत्र जळून बंद पडल्या त्या १ टक्का.

---

वाशिष्ठीकर

चिपळूणहून. २२ जुलै २०२१. आमच्याकडे प्रश्न बॅटरीचा नव्हता, उंचीचा होता. बाजारपेठेत पहिल्या मजल्याला पाणी लागलं. ज्यांचे जनरेटर तळमजल्यावर, आवारात, कुंपणाच्या आत छान रंगवून ठेवलेले होते ते सगळे पाण्याखाली. डिझेल भरपूर होतं, त्यावर चिखल होता.

त्याच संध्याकाळी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. महाडला पुराचा वेढा, मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. अशा वेळी एक टॉवर जिवंत असता तर काय फरक पडला असता याचा विचार मी करत नाही, त्रास होतो.

न्यूयॉर्कला २०१२ च्या सँडी वादळात हेच झालं होतं. जनरेटर वर, डिझेलचे पंप तळघरात. पंप बुडाले. मॅनहॅटनमध्ये एका डेटा सेंटरच्या लोकांनी जिन्यावर रांग लावून बादल्यांनी १७ मजले डिझेल वर चढवलं. आपल्याकडे नवीन साइट बांधताना पूररेषा कोण बघतं?

---

साइटवाला

कागदावर बघतात. प्रत्यक्षात ज्या शेतकऱ्याने जागा दिली तिथे साइट. आणि रस्त्याला लागून हवी, कारण डिझेलची गाडी जायला पाहिजे. कोकणात रस्त्याला लागून म्हणजे बहुतेक वेळा नदीला लागून.

---

अनुस्वार

प्रत्येक टॉवर ७२ तास चालवणं शक्य आहे का, आणि तसं करायलाच हवं का? जपानने वेगळा विचार केला. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर तिथल्या डोकोमो कंपनीने देशभर शंभराच्या आसपास खास तळ उभारले. उंच जागी, भक्कम बॅकअपसह, आणि एकेकाचा पल्ला सात किलोमीटर त्रिज्येचा. एरवी ते बंदच असतात. आजूबाजूचे छोटे टॉवर पडले की तेवढा एक चालू करायचा. वेग फार मिळत नाही, पण फोन लागतो. सप्टेंबर २०१८ मध्ये होक्काइडोला भूकंप झाला, अख्खं बेट अंधारात गेलं, तेव्हा कुशिरो शहरात तो पहिल्यांदा वापरला.

मंडणगड तालुक्याला असे दोन पुरतील. सह्याद्रीच्या बाजूला एक, किनाऱ्याकडे एक.

---

साइटवाला

हे शक्य आहे. नवीन टॉवरही नको, जे उंचावर आहेत त्यातलेच निवडायचे.

कसं ते सांगतो. ३ किलोवॅट लोड, ७२ तास, म्हणजे २१६ युनिट. डीजी सतत चालवला तर त्याच्यावर लोड कमी, तासाला दोन लिटरच्या आसपास जाळतो. १४४ लिटर डिझेल. त्याऐवजी लिथियम बँक लावायची. ती दोन-तीन तासांत भरते. डीजी पूर्ण लोडवर चालवायचा, बँक भरायची, डीजी बंद. मग बँकेवर चालायचं, परत तेच. चांगल्या लोडवर लिटरला तीन युनिट निघतात. ७२ लिटर झालं. तेवढी टाकी आधीपासूनच असते. म्हणजे तीन दिवस कुणी डोंगर चढायची गरज नाही.

आणि काका म्हणाले तसं लोड कमी करायचा. लाइट जाऊन दोन तास झाले की वरचे बँड झोपवायचे, खालचा एक बँड फक्त कॉल आणि संदेशासाठी जागा ठेवायचा. हे कंट्रोल रूममधून बटणावर होतं. तीन किलोवॅटचा लोड एकवर येतो, तोच साठा तिप्पट वेळ. करत का नाहीत? कारण गावातून तक्रार येते की नेट चालत नाही. व्हिडिओ अडकला की लोक फोन करतात. टॉवर मेला की फोनच करता येत नाही, तक्रार शून्य!

---

पेठेतला

शेवटचं वाक्य वाचून हसू की रडू.

पण चार कंपन्यांचं काय? एकाचा टॉवर चालू राहिला तर बाकी तिघांच्या ग्राहकांनी बघत बसायचं?

---

नियमवाचक

त्याची सोय आहे. आपत्तीत दूरसंचार विभाग सर्कलच्या आतलं रोमिंग उघडायला सांगतो. म्हणजे कुठलंही सिम कुठल्याही चालू टॉवरवर. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळात गुजरातच्या किनारी जिल्ह्यांत केलं होतं. अडचण अशी की ते मोठ्या, नाव ठेवलेल्या वादळातच होतं, वरून आदेश आल्यावर. साध्या वाऱ्याने फीडर गेला आणि गाव बंद पडलं, तर कोण आदेश काढणार?

---

केबलवाला_दादा

मी गावात केबल आणि नेट देतो. माझं पण ऐका.

पूर्वी आम्ही लॅन वायर टाकायचो. प्रत्येक पाच-दहा घरांमागे एक स्विच, कुणाच्या तरी माळ्यावर, त्याच्याच मीटरवर. त्या घरची लाइट गेली की पुढची पन्नास घरं बंद. वीजबिलावरून भांडण झालं की तो बटणच बंद करायचा. फायबर आल्यापासून मधे कुठे लाइट लागत नाही. फाटे फोडायचे स्प्लिटर नुसते काचेचे, त्यांना करंट नको. माझ्या खोलीतलं यंत्र, ओएलटी म्हणतात, त्याला लाइट पाहिजे आणि ग्राहकाच्या डब्याला पाहिजे. बस.

ओएलटी आठ पोर्टचा, एका पोर्टवर ६४ घरं. पाचशे घरं होतात. आणि तो खातो किती? ५०-६० वॉट. वर स्विच वगैरे धरून १०० वॉट. एका पंख्यापेक्षा थोडं जास्त. मी २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि १५० च्या दोन बॅटऱ्या लावल्या, वीस तास आरामात निघतात. त्यापुढे छोटा पेट्रोलचा जनरेटर. शंभर वॉटमध्ये पाचशे घरांचं नेट चालू राहतं आणि इथे लोक तीन किलोवॅटच्या टॉवरच्या मागे लागलेत.

गंमत म्हणजे माझं चालू असतं आणि तरी लोक म्हणतात नेट गेलं. कारण त्यांच्या घरचा डबा बंद! घरात इन्व्हर्टर असतो, त्यावर टीव्ही असतो, पंखा असतो, राउटर नसतो.

दुसरी गोष्ट कोणीच नाही बोललं. फायबर चालू असेल तर टॉवर मेला तरी फोन लागतो. मोबाइलच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून ठेवा. नंबर तोच, वेगळं अॅप नको. मागल्या पावसाळ्यात आमच्या वाडीत टॉवर बंद आणि अर्धं गाव माझ्या दुकानात वायफायवर बोलत होतं. एवढंच की माझ्याकडे येणारी मेन फायबर ज्या शहरातून येते तिथलं केंद्र चालू पाहिजे. ते बंद पडलं की मी पण गप.

---

खाडीकाठी

@केबलवाला_दादा, वायफाय कॉलिंगचं मला माहीतच नव्हतं. आत्ता चालू केलं. आभार.

सगळं वाचून ग्रामसभेत ठेवायला मसुदा करतोय. डोक्यात आहे ते असं. तालुक्यात उंचावरच्या दोन साइट निवडाव्यात, त्यांना ७२ तासांची सोय करावी आणि वीज जाऊन ठराविक तास झाले की त्या दोन साइटवर सर्व कंपन्यांची सिमं चालावीत, आदेशाची वाट न बघता. ओएलटीच्या खोलीला आणि आरोग्य केंद्राला ग्रामपंचायतीने बॅटरी द्यावी. टॉवर बंद असण्याचे तास गावनिहाय जाहीर करावेत, सर्कलनिहाय नकोत. आणि पावसाळ्यापूर्वी एकदा, मे महिन्यात, मेन स्विच पाडून टॉवर खरोखर किती तास चालतो ते सगळ्यांसमोर बघावं.

---

स्लिपरिंग

शेवटचा मुद्दा पहिला ठेवा. आमच्याकडे त्याला डिस्चार्ज टेस्ट म्हणत. बाकीच्या मागण्यांना उत्तर "विचाराधीन" असं येईल. या मागणीला हो किंवा नाही यापैकी एकच उत्तर देता येतं.

---

साइटवाला

काकांशी सहमत. फक्त "ग्रामपंचायतीसमोर" असं लिहू नका, कंपनी सुरक्षेचं कारण सांगून नाकारेल. तहसीलदारांच्या आपत्ती आढाव्यात लिहा. मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठक असतेच, तिथे टॉवरवाल्यांना बोलावतातच. आणि साइटचा नंबर लिहा, तो गेटवरच्या पाटीवर असतो. "आमच्या गावचा टॉवर" असं लिहिलेला अर्ज कुठेच पोहोचत नाही.

सर्कलच्या आतल्या रोमिंगचा मुद्दा तहसील पातळीवर सुटणार नाही. तो वेगळा काढा, खासदारांमार्फत पाठवा, नाहीतर त्याच्यामुळे बाकीचे अडकतील.

---

बे_एरियाकर

पूररेषेचं पण घाला. चिपळूणकरांनी सांगितलेलं.

---

वाशिष्ठीकर

+१. जनरेटरचा चौथरा २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर. खुणा भिंतींवर अजून आहेत, मोजायला कुणी बाहेरून यायला नको.

---

कैरीचं_पन्हं

मोठ्या गोष्टी चालल्यात, मधेच छोटा प्रश्न. घरच्या राउटरसाठी ते छोटे डीसी यूपीएस मिळतात ते घ्यावेत की इन्व्हर्टरवरच जोडावं? आमच्याकडे १५० ची एक बॅटरी आहे.

---

केबलवाला_दादा

ताई, इन्व्हर्टर आहे तर त्याच्यावरच जोडा. डबा आणि राउटर मिळून १२-१५ वॉट, इन्व्हर्टर स्वतः १५-२० खातो. पंखे बंद ठेवले तर दिवसभर सहज जाईल. छोटा यूपीएस दोन-तीन तास देतो. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी घ्यावा, किंवा इन्व्हर्टर सुरू व्हायच्या क्षणात राउटर बंद-चालू होतो तो त्रास नको असेल तर.

---

कैरीचं_पन्हं

तोच त्रास आहे! ऑफिसचा कॉल तुटतो. म्हणजे दोन्ही लावायचं?

---

स्लिपरिंग

चालेल. इन्व्हर्टरच्या मागे छोटा यूपीएस. घेताना राउटरच्या अॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघा. काही डबे १२ चे असतात, काही ९ चे, आणि ९ च्या डब्याला १२ दिले तर धूर निघेल. पिनचं मधलं टोक धन आहे ना तेही त्याच चिठ्ठीवर छोट्या चित्रात दिलेलं असतं.

---

कैरीचं_पन्हं

१२ व्होल्ट दीड अँपिअर, मधलं टोक धन. दुसऱ्या डब्यावर १२ व्होल्ट एक. दोन्ही एकाच यूपीएसवर?

---

केबलवाला_दादा

दोन आउटपुटवाला मिळतो, एकूण तीन अँपिअरचा घ्या. आणि वायफाय कॉलिंग चालू केलं का ते सांगा आधी.